आठवा दिवस कसा मोजतात : प्रसूतिगृहांना खुले पत्र

प्रति,
उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर येथील प्रसूतितज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ, परिचारिका व आशा सेविका यांस



ज्यू कुटुंबात मुलगा जन्मला की आठव्या दिवशी त्याची सुंता होते. हिब्रूत या विधीला ‘ब्रित मिला’ म्हणतात; महाराष्ट्रातील बेने इस्रायल कुटुंबे नुसते ‘मिला’ किंवा ‘सुंता’ म्हणतात. शिश्नाच्या टोकावरची त्वचा काढणे एवढी ही शस्त्रक्रिया काही मिनिटांत आटोपते. ती कोणी करायची, कोणत्या दिवशी, कोणत्या अवस्थेतल्या बाळावर आणि कोणत्या बाळावर करायचीच नाही, याचे नियम मात्र दोन हजार वर्षांच्या चर्चेतून ठरले आहेत. त्यातील बरेचसे प्रसूतिगृहाच्या नोंदवहीवर येऊन टेकतात, म्हणून हे पत्र प्रसूतिगृहांना.

विधीचे मूळ बायबलच्या ‘उत्पत्ति’ या पुस्तकाच्या सतराव्या अध्यायात आहे. देव अब्राहामाशी करार करतो आणि त्याची खूण शरीरावर असावी, घरात जन्मणाऱ्या प्रत्येक मुलाची आठव्या दिवशी सुंता व्हावी, असे सांगतो. त्या वेळी अब्राहाम 99 वर्षांचा होता आणि इश्माएल 13 वर्षांचा. दोघांचीही सुंता एकाच दिवशी झाली. पुढे इसहाक जन्मला आणि आठव्या दिवशी सुंता झालेला पहिला मुलगा ठरला. ‘लेवीय’ या पुस्तकाने तीच आज्ञा बाळंतिणीच्या नियमांच्या जोडीने पुन्हा नोंदवली.

या कराराविषयी एक गैरसमज सुशिक्षितांतही आढळतो. सुंतेमुळे मूल ज्यू होते असे नाही. ज्यू आईच्या पोटी आलेले मूल जन्मतःच ज्यू असते. सुंता राहिली किंवा लांबली म्हणून त्याचे ज्यूपण उणे होत नाही. सुंता ही त्या नात्याची खूण आहे आणि ती देण्याची जबाबदारी बापाची आहे. बापाला स्वतः शस्त्र चालवता येत नाही, म्हणून तो ‘मोहेल’ला, म्हणजे सुंतेचे शास्त्र आणि कसब दोन्ही शिकलेल्या माणसाला, आपल्या वतीने नेमतो. डॉक्टरांच्या दृष्टीने यातून निघणारी गोष्ट सरळ आहे. बाळ आजारी असेल तर थांबल्याने धर्माच्या दृष्टीने काहीही बिघडत नाही, उलट थांबणे हाच धर्म आहे.

खूण शरीरावरच का, या प्रश्नाची उत्तरे निरनिराळ्या काळात निरनिराळी दिली गेली. एका जुन्या आख्यायिकेत रोमन अधिकारी रब्बी (ज्यू धर्मपंडित) अकिवाला विचारतो की देवाला सुंता हवी होती तर त्याने मूल तसेच का नाही जन्माला घातले? अकिवा त्याच्यापुढे गव्हाची कणसे आणि भाजलेल्या पोळ्या ठेवतो आणि यांतले अधिक चांगले कोणते ते विचारतो. माणसाने हात लावून सृष्टी पुरी करावी, असा त्या उत्तराचा रोख. बाराव्या शतकातला ज्यू तत्त्वज्ञ मायमोनिडीज हा स्वतः वैद्य होता. त्याने वासनेला लगाम बसणे हे कारण दिले, आणि शिवाय एका श्रद्धेच्या सगळ्या माणसांना एकत्र बांधणारी खूण, हेही दिले. आरोग्याचे फायदे हे बरेच अलीकडचे समर्थन आहे. धर्मग्रंथ त्यावर उभे नाहीत.

महाराष्ट्रात मात्र या खुणेने एक ऐतिहासिक काम केले. बेने इस्रायलांची परंपरा सांगते की त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आले. सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. सामान बुडाले, त्यात धर्मग्रंथही गेले. पुढच्या पिढ्या कोकणातल्या खेड्यांत तेलाचे घाणे चालवू लागल्या, मराठी बोलू लागल्या. शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. हिब्रू विसरली गेली, प्रार्थना विसरल्या गेल्या. टिकून राहिले ते थोडेच : ‘शमा’ हे एकेश्वराचे वचन, शनिवारची विश्रांती, खाण्यापिण्याचे काही निर्बंध, आणि आठव्या दिवसाची सुंता. दाविद राहाबी नावाचा ज्यू विद्वान कोकणात आला तेव्हा याच खुणांवरून त्याने या लोकांना ओळखले, असे परंपरा मानते. तो केव्हा आला यावर अभ्यासकांत मतभेद आहेत, शतकांच्या फरकाचे. त्याने झिराडकर, शापूरकर आणि राजपूरकर या तीन घराण्यांतील माणसांना धर्मशिक्षण देऊन ‘काजी’ केले, असेही सांगतात. हे काजी गावोगाव जाऊन समाजाचे विधी चालवत. हाईम सॅम्युएल किहिमकर यांनी 1897 मध्ये समाजाचा इतिहास लिहून पुरा केला आणि तो 1937 मध्ये तेल अवीवला छापला गेला. या परंपरेची बरीचशी माहिती त्यांच्या ग्रंथात आहे. ग्रंथ नसलेल्या समाजाने शरीरावरची खूण पिढ्यान्‌पिढ्या चुकू दिली नाही, ही बाब जगभरच्या ज्यू इतिहासातही उठून दिसणारी आहे.

अठराव्या शतकापासून हा समाज मुंबईकडे सरकला. सामाजी हसाजी दिवेकर यांनी 1796 मध्ये मुंबईत बांधलेले ‘शार हाराहमीम’ हे समाजाचे पहिले सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनामंदिर. पुढे पनवेलला 1849 मध्ये ‘बेथ एल’ आणि ठाण्याला 1879 मध्ये ‘शार हशामाइम’ उभे राहिले. रेल्वे, लष्कर, पोस्ट, सरकारी कचेऱ्या आणि रुग्णालये ही या समाजाची नोकरीची क्षेत्रे. डॉ. जेरुशा झिराड हे नाव तर प्रसूतितज्ज्ञांना परके वाटू नये. लंडनहून प्रसूतिशास्त्रात एम.डी. होऊन आलेल्या या बाई 1928 ते 1947 मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या प्रमुख होत्या, मुंबईतील मातामृत्यूंची पाहणी त्यांनी केली आणि 1966 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या आडनावातले झिराड हे अलिबाग तालुक्यातले गाव. वर आलेल्या काजी घराण्याचेही तेच. इस्रायलच्या स्थापनेनंतर बहुतेक कुटुंबे तिकडे गेली. आता देशात ज्यूंची एकूण संख्या पाच हजारांच्या आत आहे आणि ठाणे शहर हे बेने इस्रायलांचे एक मोठे केंद्र आहे. महाराष्ट्र सरकारने 2016 मध्ये ज्यूंना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला.

ठाण्यापासून कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही एकाच लोहमार्गावरची ठाणी. या पट्ट्यातील प्रसूतिगृहात ज्यू बाळंतीण येणे वर्षानुवर्षे घडणार नाही, आणि घडले तर लक्षातही येणार नाही. केस पेपरवर पेणकर, रोहेकर, दिवेकर, नवगावकर, गलसुरकर असे आडनाव असेल. कोकणातल्या गावांवरून पडलेली अशी शंभराहून अधिक आडनावे समाजात आहेत आणि त्यांतली कित्येक हिंदू कुटुंबांतही आहेत. बोलणे मराठी, साडी-मंगळसूत्र शेजारणीसारखे. सुंतेचा विषय निघाला की कर्मचारी कुटुंबाला मुसलमान समजतात, आणि मग ‘मोठा झाल्यावर करा, घाई कसली?’ असा सल्ला सहज दिला जातो. मुसलमानांच्या खतन्याला ठरावीक दिवसाचे बंधन नाही. कोणी सातव्या दिवशी करते, कोणी सातव्या वर्षी. ज्यू विधीत दिवस हाच विधीचा गाभा आहे.

तो दिवस मोजण्याची रीत अशी. ज्यू पंचांगात दिवस मध्यरात्री बदलत नाही, सूर्योदयालाही नाही. तो सूर्यास्ताला बदलतो. जन्माचा दिवस पहिला धरतात. सोमवारी दुपारी चारला जन्मलेल्या बाळाचा आठवा दिवस पुढचा सोमवार. सोमवारी रात्री आठला जन्मलेले बाळ मंगळवारचे, म्हणून त्याची सुंता पुढच्या मंगळवारी. सुंता दिवसाउजेडीच होते, रात्री नाही, आणि शक्यतो सकाळी करतात.

अडचण येते ती संधिकालात. सूर्य मावळल्यापासून तीन तारे दिसेपर्यंतचा काळ धर्मशास्त्राने संशयाचा मानला आहे. तो धड आजचा नाही, धड उद्याचा नाही. अशा वेळी जन्मलेल्या मुलाची सुंता नंतरच्या दिवसाच्या हिशेबाने करतात, कारण सुंता लवकर होण्यापेक्षा उशिरा झालेली चालते. सुमारे अठराशे वर्षांपूर्वी संकलित झालेल्या ‘मिश्ना’ या संहितेत याचे टोकाचे गणितही मांडले आहे. सुंता आठव्या, नवव्या, दहाव्या, अकराव्या किंवा बाराव्या दिवशी येऊ शकते. सर्वसाधारणपणे आठव्या, संधिकाली जन्म असेल तर नवव्या, शुक्रवारच्या संधिकाली जन्म असेल तर मधल्या शब्बाथमुळे, म्हणजे शनिवारच्या विश्रांतिदिनामुळे, दहाव्या (शंकेच्या जन्माची सुंता शब्बाथला करत नाहीत), शब्बाथला लागून सण आला तर अकराव्या, आणि तो सण दोन दिवसांचे नववर्ष, म्हणजे रोश हशाना, असेल तर बाराव्या.

उल्हास नदीच्या खोऱ्यात सूर्य नोव्हेंबरच्या अखेरीस सहाच्या सुमारास मावळतो आणि जुलैच्या सुरुवातीला सव्वासातनंतर. म्हणजे ‘संध्याकाळी साडेसहा’ ही नोंद जूनमध्ये दिवसाची ठरते, डिसेंबरमध्ये बहुधा रात्रीची, आणि मधल्या काही महिन्यांत नेमकी संशयाची. दहा मिनिटांच्या ढिलाईने विधीचा दिवस बदलतो. महाराष्ट्रातील प्रसूतिगृहांना हे अवघड वाटू नये. पत्रिकेसाठी जन्मवेळ मिनिटापर्यंत मागणारे नातेवाईक रोजच येतात आणि बहुतेक ठिकाणी ती वेळ नीट टिपूनही ठेवलेली असते. तीच दक्षता इथे पुरेशी आहे. फक्त प्रत्यक्ष जन्माची वेळ हवी, नोंदवही भरल्याची नव्हे.

जन्म कसा झाला, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. शब्बाथला, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्र होईपर्यंत, कापणे, रक्त काढणे ही कामे एरवी वर्ज्य आहेत. पण नैसर्गिक प्रसूतीने झालेल्या मुलाचा आठवा दिवस शनिवारी आला तर सुंता शनिवारीच होते. योम किप्पूरच्या उपवासाच्या दिवशीसुद्धा होते. आठव्या दिवसाची आज्ञा शब्बाथपेक्षा वरचढ मानली आहे. सिझेरियनने झालेल्या मुलाला ही सवलत नाही. त्याचा आठवा दिवस शनिवारी किंवा सणाच्या दिवशी आला तर विधी पुढे जातो, बहुधा रविवारी. आजारपणामुळे एकदा लांबलेली सुंताही शनिवारी करत नाहीत.

कागदावर बारीक दिसणारा हा नियम बदलापूरच्या घरात बराच मोठा होतो. मोहेल मोजके, आणि ते ठाण्या-मुंबईकडचे. धर्मनियम पाळणारा मोहेल शब्बाथच्या दिवशी लोकलने किंवा गाडीने प्रवास करत नाही, आणि ठाणे ते बदलापूर अंतर सुमारे 34 किलोमीटर, म्हणजे चालत येण्यासारखे नाही. त्यामुळे शनिवारची सुंता असेल तर त्याला शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी हत्यारांसह पोचून मुक्काम करावा लागतो. सकाळच्या प्रार्थनेला येणारे नातेवाईकही तसेच. जन्म नैसर्गिक की सिझेरियन आणि सूर्यास्ताआधी की नंतर, या दोन गोष्टी पहिल्याच दिवशी स्पष्ट कळल्या तर कुटुंबाला ही जुळवाजुळव करायला आठवडा मिळतो. सिझेरियनची तारीख आधी ठरवायची असेल आणि वैद्यकीय दृष्ट्या दोन-तीन दिवस सारखेच सोयीचे असतील, तर कुटुंबाला विचारून तारीख घ्यायला हरकत नसावी. पत्रिकेतला मुहूर्त पाहून सिझेरियन करणाऱ्या शहरांत ही विनंती फारशी नवलाची नाही.

आता बाळाच्या प्रकृतीकडे. इथे धर्मशास्त्र आणि बालरोगशास्त्र यांचे जेवढे जमते तेवढे क्वचितच कुठे जमत असेल. तालमूदमध्ये, म्हणजे मिश्नावरच्या चर्चांच्या प्राचीन ग्रंथात, रब्बी नाथानची हकीकत आहे. एका बाईची दोन मुले सुंतेनंतर दगावली. तिसरे तिने नाथानपुढे आणले. ते लालभडक दिसले, तेव्हा रक्त अंगात मुरेपर्यंत थांबा, असे त्याने सांगितले. दुसऱ्या एका ठिकाणी असेच तिसरे मूल पिवळसर, निस्तेज दिसले. तिथे अंगात रक्त भरेपर्यंत थांबा, असा सल्ला दिला. दोन्ही मुले वाचली आणि त्यांना नाथानचेच नाव ठेवले गेले. त्या बाळांना नेमके काय झाले होते हे आज ठरवता येणार नाही, पण ‘रंग नीट होईपर्यंत सुंता नाही’ हा नियम तिथून आला आणि नवजात कावीळ त्यात सरळ बसली. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सुरू होऊन चौथ्या-पाचव्या दिवसाकडे चढणारी आणि आठवड्या-दोन आठवड्यांत ओसरणारी कावीळ आपल्याकडे नेहमीची. तिचा चढ-उतार नेमका आठव्या दिवसाच्या अलीकडेपलीकडे येतो. मोहेल येऊन बाळाचा रंग पाहतो, डोळ्यांचा पांढरा भाग पाहतो. बिलिरुबिनचा आकडा आणि तो चढतो आहे की उतरतो आहे, हे हाती असेल तर त्याचा निर्णय सोपा होतो. फोटोथेरपीत असलेल्या बाळाची सुंता कोणताही जाणता मोहेल करणार नाही.

ताप किंवा सर्व शरीराला ग्रासणारा आजार असेल तर बरे झाल्यापासून सात पूर्ण दिवस थांबायचे, असे सोळाव्या शतकातल्या ‘शुल्हान आरुख’ या धर्मसंहितेत आहे. डोळे येण्यासारखी एका जागेची तक्रार असेल तर ती बरी होताच सुंता चालते. कमी दिवसांच्या, कमी वजनाच्या बाळांचा निर्णय बालरोगतज्ज्ञाच्या मतावर सोडतात. या सगळ्यामागचे सूत्र मायमोनिडीजने मांडले आहे : राहिलेली सुंता नंतर करता येते, पण गेलेला जीव परत आणता येत नाही. म्हणून डॉक्टर ‘नाही’ म्हणाले तर ते ‘नाही’ धर्मालाही बंधनकारक असते. कुटुंब दिवसासाठी आग्रह धरत असले तरी डॉक्टरांनी संकोचू नये. त्यांच्या शब्दाला त्या घरातल्या धर्मग्रंथाचाच आधार आहे.

रक्तस्रावाच्या आनुवंशिक रोगाबद्दलचा नियम तर वैद्यकाच्या इतिहासातही नोंदला गेला आहे. एका आईची दोन मुले सुंतेमुळे रक्त जाऊन दगावली असतील तर तिसऱ्याची सुंता करू नये, असे एक मत तालमूदमध्ये आहे. दुसऱ्या मते तिघे दगावल्यावर चौथ्याची करू नये. बहिणी-बहिणींच्या मुलांचा दाखलाही तिथे आहे. मायमोनिडीजने पुढे स्पष्ट केले की आई तीच असेल तर बाप निराळा असला तरी नियम लागू. हिमोफिलिया आईकडून मुलग्यांत उतरतो हे आधुनिक वैद्यकाने एकोणिसाव्या शतकात मांडायला सुरुवात केली. त्याच्या कितीतरी आधी ही नोंद झाली होती. आज कोणी मुले दगावण्याची वाट पाहत नाही. मामाला, मावसभावाला किंवा आईच्या इतर नातेवाईक पुरुषांना दात काढताना, पडल्यावर फार रक्त गेले होते का, एवढा प्रश्न पुरेसा असतो, आणि शंका आली तर सुंतेआधी रक्त गोठण्याची तपासणी व्हायलाच हवी.

याच संदर्भात एक लोकप्रिय दावा ऐकू येतो : आठव्या दिवशी बाळाचे रक्त सर्वांत चांगले गोठते म्हणून देवाने तो दिवस नेमला. रक्त गोठायला लागणारे के जीवनसत्त्व पहिल्या आठवड्यात कमी असते हे खरे. पण बायबलने हे कारण कुठेही दिलेले नाही, आणि आता जन्मतःच के जीवनसत्त्वाचे इंजेक्शन देतात, त्यामुळे या युक्तिवादात फारसा जीव उरलेला नाही. डिस्चार्ज कार्डवर मात्र ते इंजेक्शन दिल्याची नोंद असावी, मोहेल विचारतो.

डॉक्टरांकडून नकळत होणारी सगळ्यांत मोठी गडबड वेगळीच आहे. ‘सुंता करायचीच आहे ना, मग घरी जाण्याआधी इथेच उरकू’ म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती करून टाकली जाते. हेतू चांगला, शस्त्रक्रिया निर्दोष. तरी विधी झालेला नसतो. आठव्या दिवसाआधी, आशीर्वचनांशिवाय, या आज्ञेचे पालन म्हणून न केलेली सुंता धर्माच्या दृष्टीने केवळ त्वचा काढणे ठरते. मग कुटुंबाला नंतर मोहेलकडून त्या जागी सुईने थेंबभर रक्त काढण्याचा वेगळा विधी करावा लागतो. जन्मतःच अग्रत्वचा नसलेल्या बाळासाठीही हाच थेंबाचा विधी आहे. तशा बाळात, किंवा अग्रत्वचा अर्धवट असलेल्या बाळात, लघवीचे छिद्र टोकाऐवजी खाली असण्याचा दोष तपासायलाच हवा. हा दोष, म्हणजे हायपोस्पेडियास, असेल तर पुढच्या दुरुस्तीत सर्जनला तीच त्वचा लागू शकते, म्हणून सुंता करायची नसते. आठव्या दिवशी पाहुणे जमल्यावर मोहेलच्या लक्षात ही गोष्ट येण्यापेक्षा पहिल्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलेली किती तरी बरी.

विधी घरी किंवा सिनेगॉगमध्ये होतो. दोन आसने लागतात. एक ‘सांदेक’चे, म्हणजे बाळाला मांडीवर धरणाऱ्याचे, हा मान आजोबांना किंवा घरातल्या वडीलधाऱ्याला मिळतो. दुसरी खुर्ची सजवून रिकामी ठेवतात. ती एलियाहू हनावीची, एलिया संदेष्ट्याची. लोकांनी करार टाकला अशी तक्रार याने देवापाशी केली होती, तेव्हा आता प्रत्येक सुंतेला हजर राहून करार पाळला जातो हे स्वतःच पाहा, असे त्याला सांगितले गेले, अशी कथा आहे. बेने इस्रायलांचे या संदेष्ट्याशी नाते अधिकच जवळचे. अलिबागजवळ खंडाळे येथे खडकावर त्याच्या रथाच्या खुणा दाखवतात, आणि नवस फेडायला लोक तिथे जातात. बाळाला क्षणभर त्या खुर्चीवर ठेवतात, मग सांदेकच्या मांडीवर देतात.

बाप आशीर्वचन म्हणतो, जमलेले लोक उत्तरादाखल मुलाच्या शिक्षणासाठी, लग्नासाठी आणि सत्कर्मांसाठी शुभेच्छा देतात. मोहेलचे काम तीन टप्प्यांत होते. आधी अग्रत्वचा ढालीसारख्या पट्टीने शिश्नाच्या टोकापासून वेगळी धरून एका फटक्यात कापतो. मग आतले पातळ पापुद्र्यासारखे अस्तर मागे सारून टोक पुरते उघडे करतो; हा टप्पा झाला नाही तर सुंता झाली असे मानत नाहीत. तिसरा टप्पा जखमेतून थोडे रक्त ओढून घेण्याचा. पूर्वी तो तोंडाने होई. प्राचीन वैद्यकात ती जखमेची काळजी समजली जात होती, पण नागिणीच्या जातीचा हर्पिस विषाणू मोठ्यांच्या तोंडातून नवजात बाळाला लागू शकतो. न्यूयॉर्कमध्ये काही बाळे यातून दगावली आहेत. 1837 सालीच मध्य युरोपातल्या एका मोठ्या रब्बीने तोंडाऐवजी स्पंज वापरायला मुभा दिली होती, आणि आता बहुतेक ठिकाणी निर्जंतुक काचनळी किंवा गॉज वापरतात. या एका बाबतीत डॉक्टरांनी कुटुंबाला स्पष्टपणे विचारावे. भीड बाळगण्याचे कारण नाही.

पट्टी बांधली की पेल्यावर आशीर्वचन होते आणि मुलाचे नाव पहिल्यांदा मोठ्याने उच्चारले जाते. वाइनचे दोन थेंब बाळाच्या ओठांना लावतात. बेने इस्रायलांत वाइनच्या जागी काळ्या मनुका भिजवून केलेले सरबत चालते. यहुदी नाव आणि मराठी वळण यांचा मिलाफ जुन्या पिढ्यांत होता : सॅम्युएलचा सामाजी, एझेकिएलचा हसाजी. पुढे मेजवानी असते, आणि पुष्कळ घरांत ‘मलिदा’ होतो : भिजवलेल्या पोह्यांत गूळ किंवा साखर, ओले खोबरे आणि सुका मेवा घालून सोबत फळे मांडायची आणि एलियाहू हनावीचे स्तवन म्हणायचे. हा प्रकार कोकणातल्या ज्यूंचा खास आपला. बगदादी किंवा युरोपीय ज्यूंत तो नाही. मुलीसाठी सुंतेसारखा विधी नाही. तिचे नामकरण होते. पाळणा आणि बारसे ही मराठी रीत समाजाने आपलीशी केली आहे. मुलगा झाल्यावर 40 दिवस आणि मुलगी झाल्यावर 80 दिवस बाळंतिणीच्या अशौचाचे, हे ‘लेवीय’मधलेच मोजमाप.

जखम आठवडाभर ते दहा दिवसांत भरते. टोकावर पिवळट साका धरतो, तो पू नव्हे; पुसून काढू नये. पट्टी रक्ताने पुन्हा पुन्हा भिजली, बारा तासांत लघवी झाली नाही, किंवा ताप आला, तर बाळ तातडीने रुग्णालयात यायला हवे. आशा सेविकेने भेटीत एवढे पाहिले तरी खूप झाले.

सुंतेवर वाद आहेत, ते नाकारण्यात अर्थ नाही. स्वतः संमती देऊ न शकणाऱ्या मुलाच्या शरीरावर कायमची खूण करावी का, हा प्रश्न जर्मनीत 2012 मध्ये कोलोनच्या न्यायालयात एका मुसलमान मुलाच्या निमित्ताने गेला. न्यायालयाने ती शारीरिक इजा ठरवली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जर्मन संसदेने कायदा करून पालकांना तो अधिकार दिला. दुसरीकडे, आफ्रिकेतील चाचण्यांनंतर जागतिक आरोग्य संघटनेने 2007 मध्ये एचआयव्हीचा प्रसार जास्त असलेल्या प्रदेशांसाठी प्रौढ पुरुषांच्या सुंतेची शिफारस केली. भारतात हा विधी कायदेशीर आहे. वादात कोणाची बाजू बरोबर हे प्रसूतिगृहाने ठरवायचे नाही. विधी सुरक्षित होतो की नाही, हे मात्र त्याच्या हातात आहे.

तेव्हा विनंती थोडी आणि नेमकी आहे. प्रसूतीसाठी नाव नोंदवताना धर्म गृहीत न धरता, बाळ मुलगा झाल्यास काही धार्मिक विधी ठरलेला आहे का, हे विचारावे. जन्माची वेळ मिनिटापर्यंत लिहावी आणि संध्याकाळचा जन्म असेल तर त्या दिवशीचा सूर्यास्तही शेजारी लिहावा. प्रसूतीचा प्रकार, के जीवनसत्त्वाची मात्रा, बिलिरुबिन, लघवीच्या छिद्राची तपासणी आणि आईच्या माहेरचा रक्तस्रावाचा इतिहास डिस्चार्ज कार्डवर यावा. आठव्या दिवसाआधी आपणहून सुंता करू नये. आणि बाळ तयार नसेल तर, दिवस कोणताही असो, थांबा म्हणावे.

कळावे.